ओल्या गोणपाटातलं बी

जालन्यात कुणाला ‘बी पेरा’ म्हणून सांगावं लागत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको उभी केली, तेव्हापासून बियाणं हा या गावाचा धंदा आहे. एमआयडीसीत आणि तिच्या आसपास एकीकडे लोखंडाच्या भट्ट्या आणि सळईच्या रोलिंग मिल, तर दुसरीकडे बियाण्यांची गोदामं. ज्यांच्या घरात गुंठाभर जमीन नाही तेही मृग जवळ आला की वाणांची नावं घेऊन बोलतात. म्हणूनच असेल, गेल्या काही वर्षांत प्रार्थनासभांतून, आणि त्याहून जास्त मोबाइलवरून, ‘बी पेरा’ हे शब्द वेगळ्या अर्थानं यायला लागले तेव्हा आपल्या लोकांना ते परके वाटले नाहीत. इथे पेरायचे ते पैसे. हजार पेरा, शंभरपट उगवेल. कर्ज फिटेल, काम पक्कं होईल, पोरीचं जमेल. आणि बोलणाऱ्याच्या चित्राखाली पैसे पाठवायचा स्कॅनर.

पालकहो, मी आपल्या मंडळीत संडे स्कूलला शिकवते. एका रविवारी धडा पेरणाऱ्याच्या दाखल्याचा होता. चांगल्या जमिनीत शंभरपट पीक आलं, इथपर्यंत आम्ही पोचलो तशी सातवीतली एक मुलगी उठली. तिचे पप्पा रोलिंग मिलमध्ये ठेकेदाराकडे होते. काम मंदावलं तसं ठेकेदारानं त्यांना घरी बसवलं होतं. ती म्हणाली, “बाई, आमच्या मम्मीनं कानातलं मोडून बी पेरलं. पप्पांना अजून कुणी बोलावलं नाही. म्हणजे आमच्या घरात विश्वास कमी आहे का?”

मी तिला सांगितलं की या दाखल्याचा अर्थ येशूनं स्वतःच शिष्यांना उलगडून सांगितला आहे. बी म्हणजे देवाचं वचन, जमीन म्हणजे ऐकणाऱ्याचं मन. बी म्हणजे पैसा, असं त्यात कुठेही नाही. तिनं मान हलवली, पण तोंडावरचा ताण गेला नाही. तिची अडचण दाखल्याच्या अर्थाची नव्हतीच. पप्पांचं काम आपल्यापैकी कुणाच्या तरी खोटेपणामुळे अडलंय, बहुतेक माझ्याच, हे तिला रात्री झोपू देत नव्हतं. खोट्या शिकवणीचा घाव बसतो तो इथे. मोडलेलं कानातलं पुन्हा करता येईल. पण देव हिशोब मांडून बसलाय आणि आपण रक्कम कमी भरली, अशी त्याची ओळख ज्या लेकराच्या मनात बाराव्या वर्षी पक्की झाली, त्याला पुढे प्रेमळ बाप म्हणून देवाकडे पाहायला किती वर्षं लागतील?

मग तिनं विचारलं, “मग ते ब्रदर असं का सांगतात?” याचं उत्तर मुलांच्या वर्गात संपणारं नाही. म्हणून आज तुमच्याशी बोलते आहे.

पैशाचं बी पेरण्याची ही शिकवण आपल्या आज्या-पणज्यांनी कधी ऐकली नव्हती. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातले प्रचारक ओरल रॉबर्ट्स यांनी १९७० च्या सुमारास पुस्तकातून आणि टीव्हीवरून ती घरोघर पोचवली. तिथून ती आफ्रिकेत गेली, दक्षिण अमेरिकेत गेली, आपल्याकडे आली. म्हणजे जे आपल्याला प्रेषितांच्या काळापासून चालत आलेलं सत्य म्हणून सांगतात, त्याचं वय जेमतेम पन्नास-पंचावन्न वर्षांचं आहे. अर्पण देणं जुनं आहे, गरिबाला देणं जुनं आहे, मंडळीचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलणं जुनं आहे. देवाकडून परतावा मिळावा म्हणून त्याच्या सेवकाच्या खात्यात रक्कम टाकणं नवीन आहे. लेकरांना ही सवय लावा: कुणी काही नवीन सांगितलं की विचारायचं, हे आधी कोणी सांगितलं होतं आणि कधी?

बियाण्याचीच गोष्ट निघाली आहे तर थोडं गावाकडे येऊ. सोयाबीनचं घरचं बी पेरण्याआधी काय करतात, ते तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलंय. शंभर दाणे मोजतात. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडतात, गोणपाटाची गुंडाळी करून सावलीत ठेवतात, रोज पाणी शिंपडतात. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उघडून मोड मोजतात. सत्तर उगवले तर बी पेरायला ठीक. कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवतात, फारच कमी असले तर ते बी बाजूला ठेवून दुसरं आणतात. बी सख्ख्या भावाच्या घरचं असलं तरी शहाणा शेतकरी ही पायरी चुकवत नाही. दाणे मोजले म्हणून भाऊही रागावत नाही. बी चांगलं असेल तर मोजल्यानं त्याचं काहीच जात नाही.

देवाच्या नावानं जे सांगितलं जातं त्याची अशी परीक्षा करायची आज्ञा आपल्याला शास्त्रातच आहे. पौलानं थेस्सलनीकाच्या मंडळीला कळवलं की सगळं पारखून पाहा आणि चांगलं ते धरून ठेवा. योहानानं लिहिलं की प्रत्येक आत्म्यावर विश्वास टाकू नका, आधी कसोटी लावा. आणि बिरुयाचे लोक तर मला फार आवडतात. समोर दुसरा-तिसरा कुणी नव्हता, पौल बोलत होता. तरी ते रोज शास्त्रलेख उघडून बघत की हा सांगतो ते तसंच आहे का. पौलाला राग आला असं लूकनं कुठे लिहिलेलं नाही. उलट त्यानं त्या लोकांचं कौतुक केलंय.

म्हणून ज्या सभेत प्रश्न विचारला की ‘अभिषिक्ताविरुद्ध बोलू नका, शाप लागेल’ असं सांगतात, तिथे तुमच्या मनात पहिली शंका यायला हवी. हे वाक्य आपल्याकडे फार फिरतं, आणि त्यानं भलीभली माणसं गप्प बसतात. ते आलंय कुठून ते नीट पाहा. दावीद गुहेत लपला होता, शौल राजा एकटा हाती लागला होता, आणि दावीदानं अभिषिक्त राजावर तलवार चालवायला नकार दिला. बरोबर. पण त्याच दिवशी गुहेबाहेर येऊन त्यानं शौलाला मोठ्यानं विचारलं की माझा पाठलाग का करतोस, माझा अपराध काय. पुढे दावीद स्वतः अभिषिक्त राजा असताना नाथान संदेष्ट्यानं त्याला तोंडावर दोषी ठरवलं. अंत्युखियात पौलानं पेत्राला सर्वांदेखत अडवलं. अभिषिक्ताला जाब विचारू नये, असं शास्त्र मानतच नाही.

पैशाच्या बाबतीत मी लेकरांना अलीशा आणि गेहजीची गोष्ट सांगते, कारण ती त्यांना लगेच पटते. अरामी सेनापती नामान कोडानं आजारी. यार्देनेत सात बुड्या मारून बरा झाला आणि सोनं, चांदी, कपडे घेऊन अलीशाच्या दारात आला. अलीशानं शपथ घेऊन नकार दिला, काही म्हणजे काही घेतलं नाही. त्याच्या सेवकाला, गेहजीला, मात्र हे पाहवेना. तो रथामागे धावला, मालकाच्या नावानं खोटं सांगून चांदी आणि कपडे घेतले, घरात लपवून ठेवले. ते कोड मग गेहजीला लागलं. मुलांना विचारा, अलीशा का नाही म्हणाला? माझ्या वर्गातल्या एका मुलानं दिलेलं उत्तर असं होतं: “नाहीतर नामान घरी जाऊन सांगणार, मी पैसे देऊन बरा झालो.” मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं. तेलाची बाटली इतक्याला, रुमाल इतक्याला, वैयक्तिक प्रार्थनेसाठी आधी नोंदणी, असं जिथे चालतं, तिथे नामानानं घरी जाऊन काय सांगितलं असतं याचा विचार करा.

तेल लावून प्रार्थना करणं चूक नाही, हेही सांगितलं पाहिजे. याकोबाच्या पत्रात आजारी माणसानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं स्पष्ट आहे. मी स्वतः आजारपणात पाळकसाहेबांना बोलावते आणि देव बरं करतो असं मानते. पण त्या पत्रात तेलाची किंमत नाही, आणि औषध बंद करा असंही नाही.

इथे मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान औषधाच्या बाबतीत होतं. ‘गोळी घेतोस म्हणजे तुझा विश्वास नाही’ असं सांगणारी माणसं आहेत. फिट येणाऱ्या मुलाला दुष्टात्मा लागलाय म्हणून त्याच्या गोळ्या थांबवायला लावतात. फिटच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर झटके न थांबता येत राहू शकतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. ज्या लेकराच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्याचं इंजेक्शन बंद झालं तर ते काही दिवसांत दगावू शकतं. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण दोन महिन्यांत बरं वाटलं, साक्षही दिली, आणि गोळ्या सोडल्या की आजार उलटतो, मग साधी औषधं लागू पडेनाशी होतात. भट्टीच्या धुरात आणि धुळीत वर्षानुवर्षं राबणाऱ्या माणसांच्या वस्तीत छातीच्या आजाराशी खेळ करणं परवडणारं नाही.

आणि शास्त्र काय दाखवतं? पौलाच्या सोबतीला लूक होता, आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर पौलानं थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, त्या काळचं ते औषधच. त्रफिमाला तो मिलेतात आजारी अवस्थेत ठेवून पुढे गेला. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी त्यानं तीनदा विनवणी केली आणि काटा राहिला. आता त्रफिमाचा विश्वास कमी होता का? पौलाचा होता का? ज्या मिशनऱ्यांनी आपल्या वाडवडिलांना सुवार्ता सांगितली त्यांनी जागोजागी दवाखाने बांधले. आपल्या जालन्यात मिशन हॉस्पिटल म्हटलं की रिक्षावाला पत्ता विचारत नाही. प्रार्थना आणि औषध यांच्यात भांडण आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

कायद्याचंही माहीत असू द्या. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा ऑगस्ट २०१३ मध्ये खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच राज्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साप किंवा कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाण्यापासून अडवणं, हे त्यात गुन्हे आहेत. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. हा कायदा मांत्रिकासाठी आहे, आपल्या ब्रदरसाठी नाही, असा काहींचा समज दिसतो. कायद्यात धर्माचं नाव नाही. लेकराला बांधून, उपाशी ठेवून, मारून ‘सुटका’ करणारा कुठल्याही ग्रंथाचं नाव घेत असो, तो गुन्हेगार आहे.

आपल्या साध्या सभांना एवढं कशाला जोडायचं, असं कुणाला वाटेल. केनियात शाकाहोला नावाच्या जंगलात २०२३ साली ४०० हून अधिक मृतदेह उकरून काढले, त्यात लहान मुलं पुष्कळ होती. येशूला भेटायचं तर उपास करून मरा, अशी शिकवण दिल्याच्या आरोपावरून तिथल्या एका प्रचारकावर खटला उभा राहिला. सुरुवात उपासानं झालेली नव्हती. आधी मुलांची शाळा सोडवली, दवाखाना सोडवला, मग गाव आणि नातेवाईक. एकेक गोष्ट सुटत गेली आणि प्रत्येक वेळी आईबापांनी मान डोलावली. जालना आणि शाकाहोला यांत फार अंतर आहे, मला ठाऊक आहे. पण पहिल्या पायऱ्या ओळखीच्या वाटतात, म्हणून सांगितलं.

भविष्यवाणीचं असंच. हॅरोल्ड कॅम्पिंग नावाच्या अमेरिकन माणसानं रेडिओवरून सांगितलं होतं की २१ मे २०११ ला न्यायाचा दिवस येणार. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, साठवलेला पैसा फलकांवर आणि जाहिरातींवर घातला. २२ मे नेहमीसारखी उजाडली. त्यानं मग ऑक्टोबरची तारीख दिली, तीही गेली. शेवटी त्यानं आपण चुकलो हे मान्य केलं. अनुवादाच्या पुस्तकात यावर दोन ठिकाणी बजावलंय, आणि दोन्ही लेकरांना शिकवण्यासारखी आहेत. एके ठिकाणी म्हटलंय, सांगितलेलं घडलं नाही तर तो परमेश्वराचा शब्द नव्हता. दुसऱ्या ठिकाणचं याहून खोल आहे: सांगितलेली खूण खरी ठरली, पण तो माणूस तुम्हाला देवापासून दूर नेतो आहे, तरीही ऐकू नका. म्हणजे चमत्कार झाला एवढ्यावर शिक्का मारायचा नाही. ‘ब्रदरनी माझं नाव न विचारता सांगितलं’ हे आजकाल किती जण भारावून सांगतात! नाव, वडिलांचं काम, कर्जाचा आकडा हे सगळं मोबाइलवर सापडतं, आणि नसलं सापडत तरी त्यावरून शिकवण खरी ठरत नाही.

यिर्मयाचं वागणं मला इथे मोठं वाटतं. हनन्यानं मंदिरात सगळ्यांसमोर जाहीर केलं की दोन वर्षांत बाबेलचं जोखड मोडेल, नेलेली पात्रं परत येतील. लोकांना हेच ऐकायचं होतं. यिर्मया म्हणाला, आमेन, तसंच होवो. मग म्हणाला, शांतीचा संदेश देणारा खरा की खोटा हे त्याचं बोलणं घडल्यावरच कळतं. तो चिडला नाही, वाद घालत बसला नाही. त्यानं खूण म्हणून मानेवर घेतलेलं जोखड हनन्यानं मोडलं तरी तो वाटेला लागला. चांगली बातमी ऐकून आनंद व्हावा आणि तरी ती तपासून घ्यावी, या दोन्ही गोष्टी एका मनात राहू शकतात.

मराठी ख्रिस्ती घरात वाढणाऱ्या लेकरांना पंडिता रमाबाईंची गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही, याचं मला वाईट वाटतं. मुक्ती मिशन, अनाथ बायका-मुली, दुष्काळ, एवढं सांगून आपण थांबतो. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. त्या तिथल्या धर्मभगिनींच्या आश्रयाला होत्या, परक्या देशात, पदरात लहान मनोरमा. तरी त्रैक्याबद्दल, चर्चच्या अधिकाराबद्दल जे पटलं नाही ते त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांना पत्रांतून स्पष्ट लिहिलं. उपकार करणाऱ्यांचा मान ठेवला, पण तुम्ही सांगता म्हणून मी मानते, असं म्हणाल्या नाहीत. पुढे १९०५ मध्ये केडगावला मोठं आत्मिक जागरण झालं. मुली रडत, ओरडून प्रार्थना करत, काही अन्य भाषांत बोलत. बाहेरच्यांनी टीका केली तेव्हा रमाबाई मुलींच्या बाजूनं उभ्या राहिल्या. पण अन्य भाषा बोलणं हीच आत्मा मिळाल्याची एकमेव खूण आहे, हेही त्यांनी मानलं नाही. शास्त्रात तसा आधार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि शास्त्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला नको म्हणून या बाईनं हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं साध्या मराठीत भाषांतर केलं, आयुष्याच्या अखेरीपर्यंत. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. परीक्षा करणाऱ्याचा विश्वास कोरडा पडतो म्हणणाऱ्यांनी रमाबाईंचं आयुष्य वाचावं.

आणि आपल्या जालन्याजवळचं बेथेल? नारायण शेषाद्री १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले, आणि पुढे निजामाच्या राज्यात जालन्याच्या परिसरात येऊन त्यांनी गावकुसाबाहेरच्या माणसांत काम केलं. ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांसाठी त्यांनी बेथेल वसवलं ते शेती आणि हातातले धंदे यांच्यासह. विश्वास ठेवा आणि घरी बसा, आपोआप भरभराट होईल, असं काही त्या माणसानं सांगितलं नाही. आपल्यापैकी काहींच्या घरात अजून त्या पिढीच्या आठवणी असतील. आजी-आजोबा हयात असतील तर त्यांच्याजवळ लेकरांना बसवा आणि विचारायला लावा: तुमच्या काळी पाळक कसे होते, काय खात होते, कुठे राहत होते.

आता एक काळजी दुसऱ्या बाजूची. हे सगळं ऐकून काही पालक उठतील आणि आपली मंडळी सोडून बाकी सगळ्यांना खोटे ठरवतील. तसं करू नका. कुणी बाळांना बाप्तिस्मा देतं, कुणी मोठं झाल्यावर पाण्यात बुडवून देतं. कुणाकडे झगा घातलेले पाळक, कुणाकडे साधा सदरा. कुणी टाळ्या वाजवून गातं, कुणी गीतपुस्तक हातात धरून. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा बाळांचा आणि मोठ्यांचा, दोन्ही बाप्तिस्मे एकाच छताखाली ठेवले. हा फरक आहे, खोटेपणा नाही. शेजारच्या कॅथलिक कुटुंबाच्या किंवा भाड्याच्या खोलीत भरणाऱ्या पेंटेकॉस्टल सभेच्या विश्वासाला नावं ठेवायला लेकराला शिकवलं, तर ते द्वेष शिकेल, पारख शिकणार नाही. पौल गलतीकरांवर एवढा संतापला तो गाण्याच्या चालीवरून नव्हता. येशू कोण, तो कशासाठी मेला आणि उठला, आणि तारण कृपेनं फुकट आहे की काही भरून मिळवायचं, इथे कुणी हात घातला की तो कठोर होतो. तेवढ्या जागा लेकरांना पक्क्या माहीत हव्यात. प्रेषितांचा मतांगीकार नुसता पाठ करून घेऊ नका. एकेक वाक्य घेऊन जेवताना बोला. महिनाभरात संपेल, आणि मग मोबाइलवरचा कुणी काही वेगळंच सांगू लागला की लेकरू तुमच्याआधी ओळखेल.

घरात खरी शिकवण होते ती मात्र अडचणीच्या दिवसांत. नाइट पाळी करून आलेला बाप, ठेकेदारानं अडवलेला पगार, आजीचं ऑपरेशन, अशा वेळी तुम्ही कुणाचा व्हिडिओ लावता, कुणाला पैसे पाठवता, ‘अकरा जणांना पाठवा नाहीतर’ अशा निरोपाचं काय करता, ते लेकरं कोपऱ्यातून बघत असतात. तुम्ही घाबरून तो निरोप पुढे पाठवला तर त्या दिवशीचा धडा तोच. तुम्ही मुलीला जवळ बोलावून म्हणालात, “बघ, यात धमकी आहे, येशू कधी असं बोलला का, शोध बरं,” तर धडा वेगळा. मुलं शोधतात. मी पाहिलंय, चौथीतली पोरंसुद्धा शास्त्र उघडून तावातावानं शोधतात.

प्रश्नाला मात्र घरात जागा ठेवा. ‘असं विचारू नये, देव रागावेल’ हे वाक्य ज्या घरात आहे, त्या घरातलं लेकरू प्रश्न घेऊन बाहेर जातं, आणि बाहेर कुणीतरी गोड बोलून उत्तर द्यायला बसलेलंच असतं. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा, रविवारी पाळकांना मिळून विचारू म्हणा.

तुमचं मूल आधीच अशा एखाद्या गटात गेलं असेल, तर चिन्हं ठरलेली दिसतात. अभ्यास चालतो, पण कशाचा ते घरी सांगायचं नाही. जुने मित्र तुटतात. ‘तुम्हाला अजून कळायचं नाही’ असं तुटक उत्तर येतं. बारावीची परीक्षा किंवा आयटीआय निरर्थक वाटू लागतो, कारण शेवट जवळ आलाय. अशा वेळी मोबाइल हिसकावून घेऊ नका, वडिलांना पुढे करून मारहाण तर मुळीच नको. त्यांना तिथे आधीच सांगून ठेवलेलं असतं की घरचे छळतील, आणि तुम्ही रागावलात की ते भाकीत खरं ठरतं. औषध बंद केलं असेल किंवा अंगावर मारल्याचे वळ असतील तर मात्र वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टर आणि पोलीस.

तसं नसेल तर आधी पाळकांशी बोला, मग एकदा त्याच्याबरोबर तिथे जा. मागे बसा, वही घ्या, शेवटपर्यंत शांतपणे ऐका. प्रार्थनेच्या वेळी प्रार्थना करा. सभा संपली की तिथल्या प्रमुखाला, लेकराच्या देखत, हात जोडून नीट विचारा: दादा, जमा होणाऱ्या पैशाचा हिशोब कोण तपासतं? आजारी माणूस डॉक्टरकडे गेला तर तुमची हरकत आहे का? हा इथे जे शिकतो ते त्यानं घरी येऊन आम्हाला सगळं सांगितलं तर चालेल का? आणि मग तुम्ही काही बोलू नका. उत्तर त्याला ऐकू द्या.